जळालेल्या हवेलीला पुन्हा घरपण

आगीत होरपळलेले जुने घर पाडावे, की होते तसे उभारावे? इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यातल्या अप्पार्क हवेलीची गोष्ट वाचून तुमचे उत्तर ठरवा.

मालकीण झालेली गवळण

टेकडीवरची ही लाल विटांची हवेली सुमारे १६९० मधली. १७४७ मध्ये फेदरस्टनहॉ घराण्याने ती घेतली आणि उंची चित्रे, गालिचे, फर्निचर यांनी सजवली. सर हॅरी यांनी सत्तरी ओलांडल्यावर, १८२५ मध्ये, हवेलीच्या दूधघरात काम करणाऱ्या मेरी ॲनशी लग्न केले. पतीच्या मागे घर तिच्याकडे आले. तिने आणि तिच्या बहिणीने ते फारसे न बदलता जपले. पुढे लेखक एच. जी. वेल्स यांची आई इथे घर सांभाळायला होती. किशोरवयीन वेल्सने इथली पुस्तके वाचली.

काम संपता संपता आग

१९५४ पासून हवेली नॅशनल ट्रस्टकडे होती. ३० ऑगस्ट १९८९ रोजी छताची दुरुस्ती जवळपास संपली होती. शिशाचे पत्रे जोडताना वापरलेल्या ज्योतीने आग लागली. छत आणि वरचे मजले कोसळले. मात्र लोकांनी धावपळ करून खालच्या दालनांतले बहुतेक सामान बाहेर काढले.

ढिगाऱ्यातून घर

ट्रस्टने ठरवले, आगीच्या आदल्या दिवशी घर होते तसेच करायचे. ‘नवे करून जुने म्हणायचे का?’ असा वादही झाला. पण ढिगारा फेकला नाही. तो चाळून गिलाव्याचे नक्षीदार तुकडे, कड्या-कोयंडे, झुंबरांचे लोलक वेचले. चुन्यात जनावरांचे केस मिसळून छतावर हाताने नक्षी घडवायची कला कारागिरांना नव्याने आत्मसात करावी लागली. जळक्या लाकडाचा शाबूत भाग ठेवून नवा जोडला, रंगही जुन्या विटलेल्या छटेशी जुळवले. १९९५ मध्ये हवेली पुन्हा लोकांसाठी खुली झाली.

तुमच्या घरासाठी

गावाकडचे घर दुरुस्तीला काढताय? आधी प्रत्येक खोलीचे, दारांचे, तुळयांचे फोटो काढून ठेवा. निघालेला कोरीव तुकडा भंगारात देऊ नका. वेल्डिंगसारखे काम असेल, तर जवळ अग्निशामक ठेवा आणि कारागीर गेल्यावरही बराच वेळ लक्ष ठेवा. घर पुन्हा बांधता येते, पण ते कसे होते हे कुणी जपून ठेवले असेल, तरच!