गुळण्यांचे चार दिवस

घसा दुखला तर मिठाच्या गुळण्या नि हळदीचे दूध, हे आमचे घरगुती वैद्यक! पंचवटीतल्या घरी चार दिवस तेच चालले. पाचव्या रात्री थुंकीही गिळवेना, तोंड उघडेना. सौभाग्यवतीने मला रिक्षात घालून गोदावरीचा पूल ओलांडला.

"टॉन्सिलच्या मागे पू झालाय. अजून थांबला असता तर श्वास कोंडायची भीती होती," डॉक्टर म्हणाले. सुईने पू काढून शिरेतून पेनिसिलीन सुरू केले. फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीत सापडलेले हे औषध. १९५४ साली आपल्या पिंपरीत त्यासाठी सरकारी कंपनी निघाली.

तिसऱ्या दिवशी मऊ भात गिळला नि डोळे भरून आले. वाचकहो, थुंकी गिळवेनाशी झाली, की गुळण्या पुरे; तडक रुग्णालय गाठा!