पंचनाम्यात नसलेले नुकसान

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ८०हून अधिक माणसे प्राणांस मुकली. आमच्या माणगावपासून हे गाव फार दूर नाही. मृतांच्या वारसांना राज्य सरकारने ५ लाख व केंद्राने २ लाख रुपये जाहीर केले. घरांचे पंचनामे झाले. वाचलेल्या मुलांच्या शरीरात काय घडले, याचा पंचनामा करण्याची रीत मात्र आपल्याकडे नाही.

भीती मुळात शत्रू नव्हे. संकट दिसताच मेंदूच्या आज्ञेने मूत्रपिंडांवरील ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात, शरीर सज्ज होते. संकट टळले की सारे पूर्वपदावर येते. परंतु धोका टळल्याची खूण मिळालीच नाही, तर ही सज्जता महिनोन् महिने उतरत नाही. वाढत्या वयात तिची झळ स्मरण व एकाग्रता सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांना लागते. झोप उडते, पोट दुखते, वाचलेले लक्षात राहत नाही. आणि शाळेत अशा मुलावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो. (तो मारण्यात आम्हा शिक्षकांचा हात सढळ असतो, हे कबूल केले पाहिजे.) यंत्राचा घसारा कारखानदार दरसाल वहीत मांडतो, हा घसारा कोणत्याच वहीत नाही.

दरड एका दुपारी कोसळली. कंटेनरच्या घरांतील मुक्काम मात्र दोन वर्षांनंतरही संपलेला नव्हता. मुलाच्या मज्जासंस्थेला खरा आधार असतो तो निश्चिंत अशा वडीलधाऱ्या माणसाचा. पुढच्या पावसाळ्यात कोठे असू हेच ज्या आईला ठाऊक नाही, तिने तो कोठून द्यावा?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामध्ये चेरोकी आदिवासींच्या वस्तीत १९९६ नंतर कॅसिनोच्या नफ्याचा वाटा सभासदांना नियमित मिळू लागला. पैसा जुगाराचा, हे खरे. तथापि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, त्यायोगे दारिद्र्यातून वर आलेल्या घरांतील मुलांचे वर्तनदोष कधीच गरीब नसलेल्या मुलांइतके खाली आले. आईबापांचे मुलांवर लक्ष राहू लागले, हे त्याचे मुख्य कारण. चिंता व खिन्नता मात्र फारशी हटली नाही, म्हणजे केवळ पैशाने सारे भागत नाही.

१९ जुलै २०२३च्या रात्री आमच्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. पुनर्वसनाच्या आदेशात घराचे क्षेत्रफळ असते, तशी ताबा देण्याची तारीखही असावी. ती हुकल्यास दरमहा निर्वाहभत्ता कुटुंबाच्या हाती पडावा आणि तोपर्यंत मुलांच्या शाळेत एक समुपदेशक नेमलेला असावा.