नेपाळांतील नव्या चुली

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस वांटणीचें मर्म समजावून सांगावयास नको. भांड्याकुंड्यांचा प्रश्न लौकर मिटतो. खरें भांडण होतें तें मधली भिंत कोठें घालावयाची यावरून. नेपाळानें २० सप्टेंबर २०१५ रोजीं संघराज्याची घटना जाहीर केली तेव्हां तेथें हेंच घडलें.

२०२१ च्या शिरगणतींत या देशांत १४२ जातिजमाती व १२४ भाषा नोंदल्या गेल्या. तरी पिढ्यान्‌पिढ्या सत्ता राहिली ती काठमांडूच्या आणि पहाडी बाहुन-छेत्रींच्याच हातीं. (बाहुन म्हणजे ब्राह्मण, हें आपण विसरूं नये!) २००८ सालीं ६०१ सभासदांची संविधानसभा बसली, पण प्रांत वंशावरून पाडावे कीं सोयीवरून, हें कोडें तिला सुटलें नाहीं, व २०१२ च्या मे महिन्यांत ती घटनेवांचूनच संपली. पुढें दुसऱ्या सभेनें सात प्रांत ठरविले. त्यांच्या सीमांनीं आपले लोक विभागले गेले, अशी तराईंतील मधेशी व थारू लोकांची तक्रार होती. दंगलींत, पोलिस धरून, चाळिसांहून अधिक माणसें मेलीं; सरहद्दीची नाकेबंदी महिनोन्‌महिने चालली, आणि काठमांडूच्या घरांतून स्वयंपाकाचा गॅस मिळेना.

प्रांतांचा संसार अजून पुरता लागलेला नाहीं. जनकपूर ही ज्याची राजधानी, त्या प्रांतास ‘मधेश’ हें नांव मिळावयास २०२२ साल उजाडलें. आणि नोकरवर्गाच्या संघीय कायद्याचा तर घटनेस दहा वर्षें झालीं तेव्हांही पत्ता नव्हता. कोठीची किल्ली थोरल्याच्याच कमरेला!

आम्हांस अधिक कौतुक वाटतें तें खालच्या ७५३ पालिकांचें. २०१७ सालीं, वीस वर्षांनंतर, तेथें स्थानिक निवडणुका झाल्या. प्रत्येक वॉर्डांतील पांच जागांपैकीं दोन स्त्रियांच्या, व त्यांतली एक दलित स्त्रीची. प्रमुख व उपप्रमुख या दोन्ही जागा लढविणाऱ्या पक्षानें त्यांपैकीं एक उमेदवार स्त्री दिलीच पाहिजे, असाही नियम आहे. पक्षांनीं अर्थातच बहुतेक ठिकाणीं तिला दुसरी जागा दिली. २०२२ सालीं तर युती करून एकेकच जागा लढवावी, म्हणजे नियमच लागूं नये, अशी पळवाट काढली. तरी या उपप्रमुख बाईच पालिकेच्या न्यायसमितीच्या अध्यक्ष असतात. बांधाचें, पाटाच्या पाण्याचें, बुडविलेल्या मजुरीचें भांडण त्यांच्यापुढें येतें. आणि म्हाताऱ्या आईबापांस न पोसणाऱ्या मुलालाही जाब द्यावयास त्यांच्याचपुढें उभें राहावें लागतें.