रस्ता कोण टिकवितो?

डांबरात टाकाऊ प्लास्टिक मिसळण्याचे तंत्र रुळले. २०२२ साली सुरतेजवळ हजिरा येथे पोलाद कारखान्यातील स्लॅग खडीऐवजी वापरून रस्ताही झाला. अशा प्रयोगांचे स्वागत करताना पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे स्मरण अगत्याचे ठरते. गरम डांबरमिश्रणाच्या, त्या काळी नव्या असलेल्या पद्धतीने तो १९७६ साली पूर्ण झाला. कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली. रस्ता मात्र कित्येक दशके टिकला. याचे श्रेय केवळ तंत्राला देता येणार नाही. दुरुस्तीचा खर्च ज्याच्या माथी पडतो, तोच खडीची प्रत आणि पाण्याचा निचरा डोळ्यांत तेल घालून पाहतो. हमीवाचून स्वीकारलेल्या स्वस्त निविदेची किंमत करदाताच दर पावसाळ्यात चुकती करतो. तंत्र अवश्य नवे आणावे. जुनी हमी तेवढी सोडू नये.