काक्षी कधी फुटणार?

आर्द्रा नक्षत्र कधी लागणार हे तळेघरच्या शेतकऱ्याला पंचांग वर्षभर आधी सांगतं: २१ किंवा २२ जून. त्याच आर्द्रेचा तांबूस तारा, काक्षी, कधी फुटणार हे मात्र जगातली कोणतीही वेधशाळा सांगू शकत नाही. तरी 'यंदा नक्की' म्हणणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरतच असतात.

ही हवा तापली २०१९च्या अखेरीस. काक्षी फिका पडू लागला आणि फेब्रुवारी २०२०पर्यंत त्याची चमक नेहमीच्या जेमतेम एक-तृतीयांशावर आली. तारा मंदावला म्हणजे त्याची घटका भरली, असा समज पसरला. पुढे चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींच्या वेधांतून वेगळंच दिसलं. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूची धूळ झाली होती आणि तिने त्याचा दक्षिणेकडचा भाग झाकला होता. काही महिन्यांत तो पूर्ववत झाला.

फुटण्याची तारीख ठरते ती ताऱ्याच्या गाभ्यात. तिथे इंधन म्हणून हेलियम लाखो वर्षं पुरतो, कार्बन शेकडो ते काही हजार वर्षं, सिलिकॉन मात्र थोडेच दिवस. शेवटची ही धांदल बाहेरच्या अवाढव्य आवरणापर्यंत वेळेत पोहोचतच नाही, आणि आपल्याला दिसतं ते फक्त आवरण. काक्षी अजून हेलियमवर आहे आणि त्याच्याकडे सुमारे एक लाख वर्षं शिल्लक आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. २०२३मध्ये काहींनी स्फोट काही दशकांवर आल्याचं सुचवलं. ते फारसं कोणाला पटलं नाही.

'तो आधीच फुटलाय, प्रकाश यायचा बाकी आहे' हे ऐकायला छान वाटतं. पण प्रकाशाला लागतात ५०० ते ७०० वर्षं. लाखाच्या हिशेबात ही शक्यता एक टक्काही भरत नाही.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. एवढ्या मोठ्या डिश स्फोटाची चाहूल आधीच देत असतील, असं कोणालाही वाटेल. त्यांचं काम उलट दिशेचं आहे, आणि भाकितापेक्षा ते जास्त रंजक आहे. मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेला वारा सेकंदाला साधारण १० किलोमीटर वेगाने पसरतो. स्फोटाचा धक्का १० हजार किलोमीटरने. हा धक्का त्या जुन्या वायूवर आदळतो तेव्हा रेडिओ लहरी निघतात. वेग हजारपट, त्यामुळे स्फोटानंतरच्या एका वर्षाच्या वेधांत ताऱ्याच्या अखेरच्या हजार वर्षांचा हिशेब मिळतो. जीएमआरटीच्या लांब लहरी भोवतालच्या वायूत आधी शोषल्या जातात, म्हणून इथे घाई चालत नाही. एसएन १९९३जे या स्फोटाचा पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांचा अभ्यास घ्या: स्फोटानंतर सुमारे नऊ वर्षांनी जीएमआरटी आणि अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीचे वेध एकत्र करून त्यांनी तिथल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधला.

मग पूर्वसूचना कधीच मिळत नाही का? एसएन २०२०टीएलएफ या स्फोटाचा तारा फुटण्याआधी सुमारे १३० दिवस उजळलेला दिसला. पण मे २०२३मध्ये एम१०१ दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याच्या जुन्या छायाचित्रांत असा उजाळा शोधूनही सापडला नाही. एका ताऱ्याची सवय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

पृथ्वीला धोका? काक्षी त्यासाठी फार लांब आहे. फुटला तर काही महिने दिवसाही दिसेल, एवढंच.

खात्रीचा इशारा एकच, गाभा कोसळताना प्रकाशाआधी निसटणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा, तोही काही तासांचा. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या उपकरणांनी मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो टिपले. एसएन १९८७एचा प्रकाश त्यानंतर काही तासांनी पोहोचला. आज अशा उपकरणांचं 'स्न्यूज' नावाचं जागतिक जाळं आहे आणि त्याची सूचना ईमेलवर मिळवण्यासाठी कोणालाही नाव नोंदवता येतं. व्हिडिओ पुढे पाठवण्यापेक्षा ते करावं.