आजीला सुट्टी कधी?

झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबन परिसरात उन्हाळी सुट्टी लांबते. उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमक्या त्याच दिवसांत आईबाप कपाशीच्या पेरणीत गुंतलेले आणि नातवंडं आजी-आजोबांच्या हवाली. कूलरमध्ये पाणी भरायचं, पन्हं करायचं, भर दुपारी पोरांना घरात थोपवायचं, हे उतारवयात अंगमेहनतीचंच काम आहे.

नातवंडांच्या मायेचा कसला हिशेब, असं कुणी म्हणेल. माया खरीच, पण तिच्यामुळे गुडघे दुखायचे थांबत नाहीत. सरकारी सोय म्हणावी तर रोजगार हमीच्या कामावर मुलं सांभाळण्याची तरतूद आहे, तीही पाच वर्षांखालच्यांपुरती, आणि अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच. त्यापुढच्या पोरांसाठी ग्रामपंचायतींनी सुट्टीत रोज सकाळी दोन तास शाळेची एखादी खोली उघडून द्यावी.