बाराखडीच्या आधीचं वाचन

महाडजवळच्या वीर स्टेशनच्या पाटीवर गावाचं नाव दोनच अक्षरांत मावतं. मामाकडे नेहमी येणारं चार वर्षांचं पोर ती पाटी दिसताच ओरडतं, ‘आलं वीर!’ त्याला अजून ‘व’ गिरवता येत नसतो. मग हे वाचन म्हणायचं की नाही?

गैरसमज : अक्षरओळख झाल्यावरच वाचन सुरू होतं.
वस्तुस्थिती : चित्रावर बोट ठेवणं, पान उलटणं, तीच गोष्ट चौथ्यांदा मागणं, ही वाचनाचीच सुरुवात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिक्षणाचा पायाभूत टप्पा ३ ते ८ वर्षे असा धरला आहे.

गैरसमज : अंगणवाडी म्हणजे खाऊ.
वस्तुस्थिती : २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पोषणाइतकंच पूर्वप्राथमिक शिक्षणही आहे. त्याआधी, १९४५मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली.

गैरसमज : आईआजीला वाचता येत नाही, त्या काय शिकवणार?
वस्तुस्थिती : चित्रातला मासा पाहून आजी ‘म्हावरं’ म्हणते, मग ते कुठं गावतं, कसं पागायचं, हे सांगत बसते. पोराच्या पदरात दहा नवे शब्द पडतात. घरच्या बोलीनं मराठी बिघडत नाही. शाळेची भाषा तिच्याच आधारानं उभी राहते.

गैरसमज : वाचनालय सर्वांना खुलं आहे, म्हणजे झालं.
वस्तुस्थिती : हे महाडकरांना तरी सांगायला नको. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४मध्ये केला. दलितांना तिथलं पाणी प्रत्यक्ष प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवरली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर जातात. त्यांची पोरं वाचनालयाची पायरी आपणहून चढतील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. पुस्तकांनीच वाडीवर जायला हवं.

गैरसमज : त्याला पैसा लागतो.
वस्तुस्थिती : त्याहून जास्त लागतो तो मेळ. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५पासून मराठी गोष्टीही मोफत मिळतात, त्या छापायला आणि आपल्या बोलीत उतरवायलाही मुभा आहे. छपाई ग्रामपंचायतीनं पाहावी, पुस्तकं वाचनालयानं निवडावीत, कुठल्या घरात किती लहान मुलं हे अंगणवाडीसेविकेला ठाऊकच असतं. शाळेतल्या मोठ्या मुलांनी शनिवारी वाडीवर जाऊन वाचून दाखवावं. पावसाळ्यात पुस्तकं भिजू नयेत म्हणून एक पत्र्याची ट्रंक पुरे.

आणि दिवाळीनंतर भट्टीवर निघालेल्या बिऱ्हाडाच्या बोचक्यात दोन पुस्तकं बांधून द्यावीत. परत येताना ती फाटलेली असली, तर समजावं की वाचली गेली.